रिकामी गाडी

आमच्या मशीनला वीज लागत नसे, चहा लागे. तोही आलं ठेचून घातलेला, आणि तो करायला मशीन स्वतःच मधेच उठून आत जाई.

मशीन म्हणजे काकू, माझ्या सरांच्या पत्नी. एकोणीसशे सत्तर नुकतंच उलटलं होतं. सर श्रीरामपूरच्या कॉलेजात गणित शिकवायचे. मी आधी त्यांचा विद्यार्थी, मग त्यांच्याच हाताखाली नवा लागलेला मास्तर. माझं घर नेवाशाकडं, शेतीवाडीचं. श्रीरामपुरात खोली घेऊन राहायचो आणि रविवारी जेवायला सरांकडं असायचो. त्यांचं घर ख्रिस्ती. सकाळची उपासना आटोपून दोघं घरी येत, काकू चर्चची चांगली साडी बदलायचा कंटाळा करून तशाच चुलीपुढं बसत, आणि जेवणं झाली की ओसरीवर पाट मांडून मशीन सुरू होई.

मी मुळात कमी बोलणारा. जे बोलायलाच हवं होतं तेही वीसेक वर्षं बोललो नाही. त्या ओसरीवर एक चूक झाली आणि ती काकूंच्या नावावर लागली. लागली आणि राहिली. ती नुसती त्यांची नव्हती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

पण आधी मशीनचं सांगतो, कारण त्या आठवणीनं अजूनही बरं वाटतं.

सर एका उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला कसल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि तिथं त्यांनी कॉम्प्युटर बघितला. नुसता बघितला नाही, त्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहिले, कार्डांना भोकं पाडून घेतली, उत्तरं छापून येताना पाहिली. परत आले ते वेगळेच. एस्टीतून उतरल्या उतरल्या मला म्हणाले, "अरे, हे मराठीत आलं पाहिजे." सोबत दोन इंग्रजी पुस्तकं आणली होती. ती वाचत आणि चिडत. चिडण्याचं कारण त्यातली उदाहरणं. उदाहरणं चूक नव्हती, पण ती वाचून माणसानं मान हलवायची आणि पान उलटायचं. खरंच चालतं का, हे बघायचं तर कॉम्प्युटर हवा.

"आपला वाचक कुठं बसलाय?" सर विचारत. "नेवाशात. शेवगावात. अकोले तालुक्यातल्या डोंगरात. त्याच्या घरात काय आहे?"

मी नेवाशाचं घर आठवू लागलो.

"काड्याची पेटी आहे," सर म्हणाले.

तिथून ते सुरू झालं. काकूंनी रिकाम्या काड्यापेट्या एकावर एक चिकटवून छोटं कपाट बनवलं. एकेक पेटी म्हणजे एकेक खण. खणावर नाव लिहायचं, आत चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा. नवा आकडा ठेवायचा झाला की जुनी चिठ्ठी काढून टाकायची. कॉम्प्युटरच्या पोटात तरी दुसरं काय चालतं, असं सरांचं म्हणणं. बाहेरून येणारे आकडे चिठ्ठ्यांवर लिहून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. आमच्या पुस्तकात डाव्या पानावर मशीनच्या भाषेतला प्रोग्रॅम आणि उजव्या पानावर तोच आपल्या भाषेत, एका ओळीत एक सूचना. वाचकानं डावं पान समजून घ्यायचं आणि उजवं पान पेट्या घेऊन हातानं चालवायचं. हाताला लागत नाही ते उदाहरण नाही, ते चित्र, असं ते म्हणायचे.

आणि प्रत्येक उदाहरण पुस्तकात जाण्याआधी आमच्या ओसरीवर चालायला हवं. मी किंवा सर चालवून उपयोग नाही, कारण लिहिणाऱ्याला पुढचं माहीत असतं. म्हणून काकू. शिकलेल्या सातवीपर्यंत, आकडेमोडीला चपळ, आणि कॉम्प्युटरबद्दल त्यांना काडीचंही कुतूहल नव्हतं. सरांना अगदी असंच माणूस हवं होतं. नियम असा, की काकूंनी एक सूचना वाचायची, तेवढीच करायची, मग पुढची. उदाहरण लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही.

"सांगितलं तेवढंच करायचं," सर बजावत. "मनाचं काही घालायचं नाही."

"लग्न झाल्यापासून तेच करतेय की."

सर माझ्याकडं बघत. मी कौलांकडं.

काकू मशीन म्हणून उत्तम होत्या, फक्त बोलायच्या फार. "ह्या 'क्ष'च्या घरात काल पाच होते, आज एकदम चाळीस? बरं चाललंय बाई ह्याचं." किंवा, "पुन्हा दुसऱ्या सूचनेकडं? आत्ताच तर आले तिकडून. माहेर आहे का माझं?"

"अगं, मशीन बोलत नाही."

"मग पुण्याहून न बोलणारं आणा. आणि त्याच्या हातचं जेवा."

एकदा पावसाच्या सरासरीचं उदाहरण होतं, सरांनी लिहिलेलं. काकूंनी ते सरळ चालवलं, उत्तर बरोबर आलं. सरांना मात्र काहीतरी खटकलं. त्यांनी विचारलं, "सुरुवातीला 'बेरीज'च्या पेटीत काय होतं?"

"काही नव्हतं. मी रिकामी करून घेतली होती."

"का?"

"का म्हणजे? कालचं उष्टं भांडं घासल्याशिवाय कुणी त्यात वाढतं का?"

सर इतके खूश झाले की उठून येरझाऱ्या घालू लागले. पेटीत आधी शून्य ठेवायला ते स्वतःच विसरले होते. खऱ्या मशीननं कालच्या बेरजेतच आजची मिळवली असती. पण ह्या मशीनला संस्कार होते! ते न सांगताच भांडी घासून घेत होतं. त्या दिवसापासून सर काकूंच्या हातांवर नजर ठेवून बसू लागले. काकूंनाही ते पटलं होतं. त्या प्रयत्न करायच्या, पण पाहुण्यानं मीठ मागायच्या आत वाढायची सवय ज्या हाताला, तो हात कोऱ्या कागदासारखा कसा वागणार? सर कधी रागावले नाहीत. "तुझी माया अडवते आहे आपल्याला," एवढंच म्हणायचे, आणि हसायचे.

पुस्तक होत आलं तेव्हा सर मला म्हणाले, "एक उदाहरण तुझं घाल. सबंध तुझं."

त्या वयात एवढं पुरे होतं. मी आठवडाभर तेच घेऊन फिरलो. आमच्या वडिलांच्या बैलगाड्या ऊस गळिताच्या दिवसांत साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभ्या असायच्या, तेच घेतलं. काट्यावर एकेक गाडी येते, तिचं उसाचं वजन चिठ्ठीवर. सगळ्या गाड्यांची बेरीज करायची, गाड्या मोजायच्या, सरासरी काढायची. सूचना साध्या होत्या. 'बेरीज' आणि 'गाड्या' ह्या पेट्यांत शून्य ठेव. ती चूक मी करणार नव्हतो. तिसरी सूचना, डब्यातून पुढची चिठ्ठी उचल. मग तिच्यावरचं वजन बेरजेत मिळव, 'गाड्या'मध्ये एक मिळव, आणि परत तिसऱ्या सूचनेकडं जा. सर्वांत शेवटची सूचना: बेरजेला गाड्यांनी भाग आणि उत्तर सांग.

वाचणाऱ्याच्या ध्यानात आलं असेल. शेवटच्या सूचनेकडं जायला वाटच नव्हती. परत तिसरीकडं जा म्हटलं की मशीन जन्मभर तिसरीकडंच जाणार. चिठ्ठ्या संपल्या तर काय करायचं, हे मी कुठंच सांगितलं नव्हतं.

नाताळ तोंडावर आला होता. काकूंची करंज्यांची परात आत झाकलेली, सगळ्या घराला खोबऱ्याचा वास. दुसऱ्या दिवशी सर हस्तलिखित घेऊन नगरला छापखान्यात जाणार होते. माझं उदाहरण शेवटचं राहिलं होतं. काकूंनी चालवायला घेतलं आणि तेवढ्यात चर्चची मंडळी नाताळच्या गाण्यांचं विचारायला अंगणात आली. सर उठून बाहेर गेले.

काकू एकेक गाडी काट्यावर घेत होत्या. "ही बघ, ही भारी. ह्याचे बैल मेले असतील ओढून." मी नियमाप्रमाणे गप्प. शेवटची चिठ्ठी झाली. बेरीज झाली, 'गाड्या'त एक पडला, आणि काकूंनी वाचलं, तिसऱ्या सूचनेकडं जा. डब्यात हात घातला. डबा रिकामा. त्यांचा हात तसाच आत राहिला आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मला त्याच क्षणी कळलं. अगदी लख्ख.

मी बोललो नाही. नियमच होता ना, लिहिणाऱ्यानं बोलायचं नाही. पण मान मात्र हलली. किंचितच. हलली, हे मी आज कबूल करतो.

"संपल्या गाड्या," काकू म्हणाल्या. "आता भागाकार." आणि त्यांनी बरोब्बर सरासरी काढली.

सर आत आले. "थांबलं?"

"थांबलं की. उत्तरपण आलं."

"तू पाहिलंस?" सरांनी मला विचारलं.

"हो सर."

ते खोटं नव्हतं, म्हणूनच मला इतकी वर्षं पुरलं. सरांनी तांबड्या पेन्सिलीनं कोपऱ्यात खूण केली. काकूंनी करंज्या आणल्या. मी खाल्ल्या, आणखी मागून घेतल्या.

का गप्प बसलो? स्वतःला मी खूप कारणं सांगून पाहिली. उशीर झाला होता, उगाच सगळ्यांचा खोळंबा नको, काकूंचा उत्साह मोडायला नको. खरं कारण एकच. सर येऊन बघतील, नेहमीसारखे हसतील, आणि सबंध माझं म्हणून दिलेलं उदाहरण त्यांच्या हातानं दुरुस्त होऊन जाईल. मला ते सबंध माझं हवं होतं.

सुधारायची संधी पुन्हा आली होती. नगरच्या छापखान्यात जुळाऱ्यानं आमच्या सूचना जागा वाया जाते म्हणून सलग परिच्छेद करून जुळवल्या. सर तिथं जाऊन दिवसभर बसले. "प्रत्येक सूचना वेगळ्या ओळीवर पाहिजे, वाचकाला तिच्यावर बोट ठेवता आलं पाहिजे," हे ते मालकाला समजावत होते आणि मालक म्हणत होता, "सर, ही काय कविता आहे का? कागदाचे भाव बघा." शेवटी सरांनी प्रत्येक ओळ वेगळी करून घेतलीच. मुद्रितं तपासायला माझ्याकडं आली. माझं पान आलं तेव्हा मी त्यातली एक राहिलेली वेलांटी दिली आणि पान परत पाठवलं.

पुस्तक निघालं ते दुष्काळात. लोक खडी फोडायला जात होते, रेशनवर अमेरिकेची तांबडी ज्वारी, मिलो, मिळत होती. असलं पुस्तक कोण घेणार? तरी सरांचे जुने विद्यार्थी गावोगावी मास्तर होते, त्यांनी घेतलं. शेवटच्या पानावर सरांनी घरचा पत्ता दिला होता आणि खाली एक ओळ: उदाहरण अडलं, तर रविवारी दुपारी घरी या. मी म्हटलं होतं, 'पत्र लिहा' असं घालू. सर म्हणाले, "अडलेलं पत्रात सांगता आलं असतं, तर तो अडला कशाला असता?"

आणि एका रविवारी एक जण आला. अकोल्याच्या डोंगरातल्या एका वाडीतला शाळामास्तर. पहाटे निघून दोन एस्ट्या बदलून आलेला, टोपी घामानं भिजलेली, खांद्याला पिशवी. पिशवीतून त्यानं आधी आमचं पुस्तक काढलं, मग काड्यापेट्यांचं कपाट. अगदी काकूंच्या कपाटासारखं, फक्त चिकटवायला डिंक वापरलेला. काकूंनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. तोंडभर हसल्या. आपल्या मशीनला डोंगरात भाऊ आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

"सर, पुस्तक लई चांगलं हाय," तो म्हणाला. "पर ह्या उसाच्या गाड्यांपाशी आमी अडलो. आमच्यातच कायतरी कमी हाय."

"काय होतं?"

"संपतच न्हाई. पोरं डब्यात हात घालत्यात, चिठ्ठी नसती. मंग मला वाटायचं, चिठ्ठ्या कमी पडल्या. मी आनखी लिवायचो. पुन्ना तेच. सर, आमच्या डोंगरात उसाचं टिपरू न्हाई, अन् आमी चिठ्ठ्यांवर अख्खा कारखाना चालवला. भागाकाराच्या वळीपतूर कुनी पोचंना."

सगळे हसलो. मीही. मग तो हसायचा थांबला. "आमचे हेडमास्तर म्हनत्यात, डोंगरात बसून कॉम्प्युटर शिकवतोय, डोस्कं फिरलं ह्याचं. म्या म्हनलं, एकदा विचारून येतो. न्हाई जमलं तर देतो सोडून. एक पोरगी हाय, ती मशीन व्हायची. म्हनली, गुरुजी, चिठ्ठी न्हाई तर म्या काय करू, पुस्तकात सांगितलंच न्हाई. तिला लई बोललो मी. मठ्ठ म्हनलो. मागं बसवली."

सरांनी काकूंना पाट मांडायला सांगितलं. "पाहुण्यांच्याच पेट्या घे."

काकू उत्साहानं बसल्या. गाड्या काट्यावर आल्या, गेल्या. ह्या वेळी सर समोर बसले होते. शेवटची चिठ्ठी झाली. काकूंनी डब्यात हात घातला, तो रिकामा लागला, आणि त्यांचं बोट कागदावरून सरळ भागाकाराच्या ओळीवर उतरलं.

"थांब," सर म्हणाले. "तिथं कशी गेलीस?"

काकूंनी कागदाकडं पाहिलं. मग डब्याकडं. त्यांचा हात तोंडावर गेला.

"अगं बाई. मला कुणी सांगितलंच नव्हतं."

त्यांनी डबा उपडा करून बघितला.

"म्हणजे तेव्हापण मी अशीच... अहो, माझ्यामुळं. ह्या बिचाऱ्यांनी उगाच..." आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. तसंच, जसं त्या दिवशी बघितलं होतं. त्यांना त्या दिवसाचं आठवत होतं की नाही, कोण जाणे. मी काड्यापेट्यांवरची नावं वाचू लागलो.

बोलायचं तर ते तेव्हा. एवढंच म्हणायचं होतं, 'काकू, मी बघत होतो.' तोंड उघडलंही. पण त्यातून बाहेर पडलं ते भलतंच. "सर, शेवटी एक रिकामी गाडी पाठवू. काट्यावर वजन शून्य. खरी गाडी कधी शून्य भरत नाही. चिठ्ठी उचलल्यावर लगेच सूचना घालायची: वजन शून्य असेल, तर भागाकाराकडं जा."

सरांनी माझी पाठ थोपटली. "बघा, ह्याला म्हणतात डोकं. एका मिनिटात!" एका मिनिटात कसलं? नाताळपासून ती रिकामी गाडी माझ्या डोक्यात उभी होती.

"लई हुशार हायत धाकटे सर," तो मास्तर म्हणाला. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. पेट्या पिशवीत भरताना तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "म्हंजी पोरीचं बरुबर हुतं. उद्या शाळा भरली की पयलं तिला सांगतो. समद्यांदेखत सांगतो."

काकूंनी त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. सोबत त्या पोरीसाठी भाकरीचे लाडू बांधून दिले. त्या वर्षी घरात दुसरं गोड नव्हतं.

सरांनी शिल्लक होत्या तेवढ्या सगळ्या प्रतींत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायची ठरवली. ओळखीच्या वाचकांना चिठ्ठ्या टपालानं पाठवल्या. आम्ही तिघं ओसरीवर चिकटवत बसलो. काकूंनी खळ केली मिलोच्या पिठाची, आणि ती चिकटेना. "हिची भाकरी गिळत नाही, हिची खळ चिकटत नाही. नुसती नावाला धान्य." मी हसलो. हाताला खळ, समोर माझंच पान, आणि काकू म्हणताहेत, "माझ्या चुकीपायी तुम्हा दोघांना बसावं लागतंय." मी म्हणालो, "असू द्या काकू." हे 'असू द्या' मला अजून टोचतं. मी त्यांना माफ केलं होतं!

त्यानंतर काकू मशीन व्हायला कधी बसल्या नाहीत. "मी लुडबुड करते," म्हणाल्या. दुसऱ्या भागाची उदाहरणं मी चालवली. मी काटेकोर होतो, एकही सूचना जास्तीची करत नव्हतो, बोलतही नव्हतो. सरांनी तो भाग कधी पुरा केला नाही. म्हणायचे, मजा येत नाही.

ती चूक मात्र घरात राहिली. पुढं काकूंनीच तिची गोष्ट केली. नवीन माणूस आला, पुस्तकाचा विषय निघाला, की त्या पदर सावरून पुढं येत. "ह्यांच्या पुस्तकात एकच चूक आहे, आणि ती माझी." मग सगळं सांगत, डोंगरातला कारखाना, न चिकटणारी खळ. लोक हसत. सर हसत. कोपऱ्यात बसून मीही हसत असे. दर वेळी.

सर गेले त्याला दोन वर्षं झाली. आता गावात कॉम्प्युटरचे क्लास निघालेत, आणि आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला ते पुस्तक पुन्हा छापायचं आहे. काड्यापेट्यांसकट. प्रस्तावना मी लिहायची. काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्यात ते घाल हं. एकच चूक आणि ती माझी. ह्यांना आवडायचं ते." मी कागद घेऊन बसलो. ते वाक्य माझ्या हातून उमटेना. हसणं निराळं, माझ्या सहीनं छापणं निराळं.

रविवारी गेलो. काकू ओसरीवर खुर्चीत बसून सुपात लसूण सोलत होत्या. मी बसलो आणि सगळं सांगितलं. मान हलली तेही. त्यांचा लसूण थांबला नाही.

"म्हणजे तू बघत होतास."

"हो."

"मी डब्यात हात घातला तेव्हा."

"हो, काकू."

"आणि नंतर करंज्या खाल्ल्यास."

"हो."

"मागून घेतल्या होत्यास. आठवतंय मला."

दोन-चार पाकळ्या सोलून झाल्या. मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मग आता मी लोकांना काय सांगू?"

मला कळलं नाही.

"अरे, त्या पुस्तकावर ह्यांचं नाव आहे. आत तुझं नाव आहे. माझं काय होतं त्यात? तेवढी एक चूक होती. वीस वर्षं सांगत आले. तीपण घेऊन चाललास?"

एवढ्या वर्षांत मी ह्या प्रसंगाची खूप उत्तरं मनात तयार केली होती. त्या रागावतील, रडतील, जाऊ दे म्हणतील. हे उत्तर त्यात नव्हतं. खाली पडलेली लसणाची सालं मी गोळा केली. मग म्हणालो, "अर्धी ठेवा, काकू. अर्धी मला द्या."

त्यांनी विचार केला. भाजीवालीशी करावा तसा. "मोठी अर्धी माझी. भागाकार मी केला होता. तू नुसता बघत होतास."

"बरं."

"तसं लिही. दोघांची म्हणून. माझं आधी." आणि मग, "माळ्यावर कपाट असेल बघ, बिस्किटाच्या डब्यात. काढ."

काढलं. काड्यापेट्यांवरची नावं पुसट झाली होती, पण सरांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. काकूंनी पाटाकडं बोट केलं. "बस. तुझं जुनं उदाहरण. रिकाम्या गाडीच्या आधीचं."

गुडघे कुरकुरले, तरी बसलो. काकू खुर्चीतून सूचना वाचू लागल्या. बेरजेत शून्य. गाड्यांत शून्य. चिठ्ठी उचल. मी एकेक गाडी काट्यावर घेतली. शेवटची चिठ्ठी झाली.

"तिसऱ्या सूचनेकडं जा," काकू म्हणाल्या.

मी डब्यात हात घातला. पत्रा गार लागला. मी वर बघितलं. त्या लसूण बघत होत्या.

"काकू, संपल्या."

"मशीन बोलत नाही."

"किती वेळ बसायचं असं?"

"लिहिलंय का काही तुझ्या पुस्तकात?"

"नाही."

"मग बस."

सूप उचलून त्या हळूहळू आत गेल्या. मी डब्यात हात घालून बसून राहिलो. जरा वेळानं आतून आलं ठेचल्याचा आवाज येऊ लागला.